कोयना-वारणेतल्या रेषा: फॉल्ट कुठला आणि बांध कुठला

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. कराडला जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पाटण आणि शिराळा तालुक्यांचा ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, एक चौकट ३० मीटरची) डाउनलोड केलास, त्याचं हिलशेड केलंस, म्हणजे एका बाजूनं ऊन पाडून सावल्यांचं चित्र, आणि स्क्रीनवर डोळे लावून १४० लिनिअमेंट, म्हणजे जमिनीवर दिसणाऱ्या सरळ रेषा, काढलेस. आता विचारतोयस की ह्यातले ॲक्टिव्ह फॉल्ट, म्हणजे आजही हलू शकणाऱ्या भेगा, कुठले, इन्सार (उपग्रहाच्या रडारनं जमिनीची हालचाल मोजायची पद्धत) हाताशी असताना डोंगर तुडवायची गरज आहे का, आणि पाटणजवळच्या गावात राहणारी तुझी आजी दर धक्क्याला विचारते की फॉल्ट आपल्या घराखालनं जातो का, तर तिला काय सांगायचं.

उत्तर देतो, पण तुझ्या क्रमाने येईलच असं नाही. मी मूळचा सांगलीचा, ह्या कामात पंचवीसेक वर्षं गेलीत, त्यातला बराच काळ कोयना आणि वारणेच्या खोऱ्यात पायी, त्यामुळं थोडं लांबणार.

१४० पैकी सगळे फॉल्ट नाहीत हे तुलाही माहितीय. मी म्हणतो १३० तरी नसतील, आणि उरलेल्यातला एखादाही ॲक्टिव्ह आहे असं नुसत्या फोटोवरनं मी कुणाला लिहून देणार नाही. हे उगाच म्हणत नाहीये, तोंडावर पडून शिकलोय. नवीन होतो तेव्हा एअर फोटो आणि स्टिरिओस्कोप घेऊन बसायचो, आणि एकदा मला नऊ किलोमीटरची अशी सरळसोट रेष सापडली की रात्रभर झोप नाही. दिशा तीच, कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची, उत्तरेकडनं जरा पूर्वेला कललेली. सिनियरना दाखवली, ते फक्त म्हणाले, जाऊन ये. गेलो. पहिले तीन किलोमीटर निघाली लाव्हाच्या एका थराची कड, म्हणजे वरचा थर झिजून मागं सरकलेला आणि खालच्याचा सपाट सडा पुढं आलेला, त्यांच्यामधला कडा. मधले चार किलोमीटर निघाला जुना गाडीरस्ता, त्याला लागून शेताचे बांध आणि बांधावर घायपाताची रांग. शेवटचे दोन किलोमीटर तेवढी खरी भूशास्त्रीय चीज, एक डाईक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत, पण डाईक म्हणजे पण फॉल्ट नव्हे. तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि माझ्या डोळ्यांनी त्यांची एक रेष केली होती, कारण डोळ्याला रेष हवीच असते. बांध घालणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आता तुझ्या हिलशेडबद्दल एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उजेडाची दिशा आपोआप ३१५ अंश असते, म्हणजे वायव्येकडनं ऊन पडलंय असं धरतात. उजेडाला आडव्या जाणाऱ्या रेषा उठून दिसतात, उजेडाच्याच दिशेनं जाणाऱ्या बुजतात. म्हणजे बघ, कोयनेची जी प्रसिद्ध दिशा आहे, तीच १९६७ ची, तिला हा उजेड मदतच करतो, आणि वायव्य-आग्नेय जाणाऱ्या भेगा, ज्या वारणेकडच्या भूकंपांत महत्त्वाच्या मानल्या जातात, त्या तुझ्या चित्रात नसल्यासारख्या. तू रोझ डायग्राम, म्हणजे रेषांच्या दिशांचा गोल आलेख, काढून मला लिहिलंस की बहुतेक लिनिअमेंट कोयनेच्या ट्रेंडला समांतर आले आणि तुला आनंद झाला. तो ट्रेंड किती जमिनीचा आणि किती तुझ्या उन्हाचा हे आधी तपास. चार दिशांनी उजेड टाकून चार हिलशेड कर, प्रत्येकावर वेगळ्या दिवशी रेषा काढ, आदली न बघता, आणि ज्या निदान तीन वेळा आल्या तेवढ्याच ठेव. १४० च्या चाळीस होतील. जमलं तर मित्रालाही काढायला लाव, त्याच्या आणि तुझ्या किती जुळतात बघ, ते बघून माणूस जरा नम्र होतो.

त्या चाळिसातनं पुढं काय गाळायचं? आपल्याकडचा दगड म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. थरांच्या कडा समोच्च रेषांसारख्या डोंगराभोवती फिरतात, त्यामुळं रेष जर एकाच उंचीवरनं डोंगराला वळसा घालत जात असेल तर ती थराची कड आहे, सोडून दे. सांधे, म्हणजे जॉइंट, सगळीकडे आहेत, लाव्हा थंड होताना तडकतोच आणि ओढे त्या तडीतनं वाट काढतात, त्यामुळं सरळ ओढा दिसला की फॉल्ट असं नाही. हेळवाकला कोयना नदी काटकोनात वळते हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत, महाबळेश्वरपासनं पार दक्षिणेला येते आणि तिथं एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. ते वळण बघून प्रत्येक नवा विद्यार्थी फॉल्ट म्हणतो, मीही म्हटलो होतो. असेलही काही जुनी दुबळी जागा, पण वळण झालं कधी? नदीनं कैक लाख वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय आणि आज हलणारा फॉल्ट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाच खरा मुद्दा. भेग, फॉल्ट आणि ॲक्टिव्ह फॉल्ट ह्या तीन पायऱ्या आहेत. भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या असतील तर फॉल्ट. आणि अलीकडच्या काळात सरकल्या असतील, साधारण गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत असं बरेच जण धरतात, तर ॲक्टिव्ह. दुसरी पायरी दगडात दिसते. तिसरी मातीत बघावी लागते, कारण दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तो कधी तुटला हे तो सांगत नाही, वरची माती तरुण, ती सांगते.

एक जागा सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. शिराळा तालुक्यात एका वाडीच्या वर रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता, ताजं कटिंग, जेसीबीचे दात उमटलेले. खाली काळा दगड, मग हातभर जाडीचा तांबडा गेरूचा थर, दोन लाव्ह्यांच्या मधे जी जुनी माती भाजून राहते तो, वर पुन्हा काळा दगड. हा गेरू म्हणजे आपल्या भागात देवानं दिलेली फूटपट्टी आहे, लांबनं दिसतो, सपाट असतो, कुठं तुटला तर लपत नाही. इथं तुटला होता. डाव्या बाजूला माझ्या गुडघ्याशी, उजव्या बाजूला छातीशी. टेप लावला, एक मीटर आणि दहा सेंटीमीटर. मधे बोटभर रुंदीची पिठासारखी दळलेली पांढरट माती, आणि दगडाचा चेहरा पॉलिश केल्यासारखा, त्यावर ओरखडे, हात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं खरखरीत. पुस्तकातला फॉल्ट. बरोबरची पोरं फोटो काढायला लागली, मीही खूश. मग वर बघितलं. वरच्या काळ्या दगडावर दीड मीटर मुरूम, त्यावर तांबूस माती, आणि मुरुमाचा तळ त्या भेगेवरनं सरळ गेलेला, एक बोटही हललेला नाही, छोटे गोटे ओळीनं जसेच्या तसे. म्हणजे फॉल्ट खरा, पण मुरूम साचायच्या आधी कधीतरी हलला आणि त्यानंतर गप्प. त्या दिवशी नोंदवहीत एवढंच लिहिलं, फॉल्ट आहे, ॲक्टिव्ह असल्याचा पुरावा नाही. उपग्रहाच्या फोटोत तो मुरुमाचा तळ दिसायचा नाही, आणि सगळा निकाल त्या तळावर होता.

आता कोयनेचं वेगळेपण, म्हणजे तुला कळेल की आपल्याकडं हे इतकं अवघड का. कोयना धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली १९६१-६२ ला, आणि छोटे धक्के जाणवायला लागले. १९६७ च्या सप्टेंबरात एक मोठा झाला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो ६.३ चा. कोयनानगर झोपेत होतं, जवळपास दोनशे माणसं गेली. तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे देशातली सगळ्यात शांत जागा असं समजायचे, नंतर भूकंपाच्या झोनचा नकाशाच बदलावा लागला. त्या वेळी जी पाहणी झाली तिच्यात जमिनीवर भेगा मिळाल्या, दोनाचीवाडा, काडोली, नानेल ह्या बाजूला, एकामागोमाग तिरप्या अशा, आणि सगळ्यांचा मिळून कल उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य. सिस्मोग्राफच्या नोंदींवरनंही निघालं की हालचाल आडवी होती, डावीकडं सरकणारी, म्हणजे भेगेच्या एका बाजूला उभं राहून पलीकडं बघितलं तर पलीकडची जमीन डावीकडं गेली. भेगा जिथं मिळाल्या त्या जागेवरनं त्याला दोनाचीवाडा फॉल्ट म्हणतात.

आज तिथं जाऊन बघ, काय दिसतं? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तास फिरलो आणि एक रोपवाटिका आणि भरपूर गवत बघून परत आलो. भेगा मातीतल्या होत्या, हिमालयात किंवा तुर्कीत दिसतो तसा उभा कडा नव्हता. आणि आपल्याकडं पाऊस किती, कोयनेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. फॉल्ट शेकडो-हजारो वर्षांतनं एकदा हलणार, पाऊस दर वर्षी चार महिने खरवडणार, कोण जिंकणार? त्यामुळं कॅलिफोर्नियातले यूट्यूब व्हिडिओ बघून तू ज्या खुणा शोधतोयस, एकाच बाजूला वळलेले वीस ओढे वगैरे, त्या इथं तशा मिळणार नाहीत. एखादा ओढा वळलेला मिळेल, आणि एका ओढ्यानं काही सिद्ध होत नाही, ओढे दगड आडवा आला तरी वळतात.

आणखी खोलातली भानगड अशी की भूकंप होतात बेसॉल्टच्या, म्हणजे ह्या काळ्या लाव्हाच्या दगडाच्या, खाली. हैदराबादच्या एनजीआरआय ह्या भूभौतिकी संस्थेनं आणि नंतर कराडजवळ हजारमाचीला जी बोअरहोल प्रयोगशाळा झाली तिथल्या लोकांनी ह्या भागात खोल बोअर घेतले, आधी दीड किलोमीटरपर्यंतचे काही, मग २०१७ ला पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटरचा. गोठण्याला बेसॉल्ट निघाला १२४७ मीटर आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइट-नाईसचा जुना खडक, मधे गाळाचा थरबिर काही नाही. धक्क्यांची केंद्रं बहुतेक दहा किलोमीटरच्या आत पण ह्या ग्रॅनाइटमधे. म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात डाळ उकळतेय आणि तू झाकणाच्या नक्षीवरनं सांगायला बघतोयस कुठं उकळतेय. झाकण हलतं, कधी वाफ निघते, पण नक्षी वेगळीच असते. वाफेवरनं आठवलं, दोनाचीवाडा फॉल्टवर मातीतल्या वायूचे नमुने घेतले तेव्हा हेलियम जास्त मिळाला होता. खोलवरची फट वरपर्यंत कुठंतरी पोचते ह्याचा तो इशारा, आणि तो कुठल्या कॅमेऱ्यात येणार नव्हता, कुणीतरी पहार मारून मातीत नळी घातली तेव्हा आला.

मग उपग्रह कशाला? असं नाही, मी रोज वापरतो. पण कुठलं अवजार कुठं चालतं ते बघू.

इन्सार. रडारचा उपग्रह एकाच जागेचे दोन फोटो दोन तारखांना घेतो आणि लहरींच्या फेजमधला, म्हणजे परत आलेली लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक काढतो, जमीन उपग्रहाच्या दिशेनं किती सरकली ते कळतं. सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटीमीटरची, त्यामुळं तो फरक रंगवून काढलेल्या नकाशात इंद्रधनुष्याचा एक पट्टा म्हणजे २.८ सेंटीमीटर. १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपावर हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं आणि तिथनं पुढं हे शास्त्रच बदललं. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कीच्या भूकंपात तर जमीन इतकी सरकली की पट्टे मोजता येईनात, तिथं सरळ दोन फोटोंतले पिक्सल किती सरकले हे मोजावं लागलं. आता कोयनेला ये. गेल्या कित्येक वर्षांत इथं जाणवणारे धक्के बहुतेक ३ ते ४ च्या आसपासचे. चार रिश्टरचा धक्का पाच किलोमीटर खोल झाला तर वर जमीन किती हलते ह्याचा ढोबळ हिशोब कर, मिलिमीटरच्याही आत येतं, दशांशात. आणि घाटमाथ्यावरच्या हवेतली वाफ तुला सेंटीमीटरच्या चुका देते. पावसाळ्यानंतरच्या जोडीत जे सुंदर पट्टे तू मला पाठवलेस, सह्याद्रीच्या कड्याला धरून वळणारे, तो फॉल्ट नाही भावा, ती हवेतली वाफ आहे. पट्टे डोंगराच्या उंचीप्रमाणं वळत असले की आधी वातावरणावर संशय घ्यायचा. त्यात जंगल, दोन फोटोंच्या मधे पानं हलली, वाढली, गळली की फेजचा गोंधळ होतो आणि कोयना अभयारण्याचा सगळा भाग नुसता मुंग्या-मुंग्या दिसतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून निसार गेला, त्याची एल-बँडची लहर २४ सेंटीमीटरची, ती पानांतनं जास्त आत जाते, त्यामुळं जंगलात पूर्वीपेक्षा बरं दिसेल. पण चारचा धक्का त्यालाही दिसायचा नाही. उद्या १९६७ सारखा झाला, न होवो, तर मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत खालचा फॉल्ट किती लांब, कुठल्या बाजूला कललेला, किती सरकला हे इन्सार सांगेल, जे तेव्हा भेगा मोजत फिरून सांगावं लागलं.

लायडर. विमानातनं लेझर मारतात, झाडांच्या फटींतनं जमिनीवर पोचलेले ठिपके वेगळे काढले की जंगल काढून टाकल्यासारखी जमीन दिसते. कोयनेत हे झालंय आणि माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात कामाची वस्तू हीच, तुझ्या ३० मीटरच्या डीईएममधे जिथं एक पिक्सल तिथं लायडरमधे शेकडो ठिपके. दोनाचीवाड्याच्या आसपास आपण गवतात शोधत होतो ते असल्या डेटात शोधायला खरं तर सोपं.

तिसरी वस्तू स्वस्तातली आणि पोरं विसरतात, अमेरिकेच्या १९६० च्या दशकातल्या हेर उपग्रहांचे कोरोना फोटो, १९९५ ला खुले केलेले. आज जिथं ऊस, प्लॉटिंग, पवनचक्क्यांचे रस्ते आणि सपाट केलेली शेतं आहेत तिथं तेव्हा मूळ जमीन होती. जेसीबी यायच्या आधीचा महाराष्ट्र बघायचा तर तिथंच.

आता फिल्डवर्क. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की सुरू आणि होळीपर्यंत. पावसाळ्यात जाऊ नकोस, गवत छातीएवढं, जळवा पायांत, आणि माती ओली असली की तिच्यातला फरक दिसत नाही. चांदोली आणि कोयनेचा बराच भाग व्याघ्र प्रकल्पात येतो, वनखात्याची परवानगी महिनाभर आधी मागायची, उगाच आत घुसून स्वतःचं आणि कॉलेजचं नाव घालवू नकोस. रेषेवरनं चालायचं नाही, रेषेला आडवं चालायचं. ओढ्यातनं चढायचं, कारण ओढ्यानं तुझ्यासाठी खड्डा आधीच खणून ठेवलाय. विहिरींत डोकवायचं, नव्या विहिरीचं काम चालू असेल तर नशीबच, पंधरा-वीस हात उभा छेद फुकट मिळतो. झरे कुठं कुठं आहेत ते नकाशावर मांडायचं, झरे ओळीत आले तर थांबून विचार करायचा, पण गेरूच्या वरनं पाणी झिरपतं त्यामुळं एका उंचीवरचे झरे म्हणजे थराचे, चढउतार न मानता ओळीत जाणारे झाले तर भेगेचे.

भूस्खलनाची मात्र भीती बाळग. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं काय झालं ते तुला माहितीय. तशा उतारांवर वरच्या बाजूला तडे असतात, कधी माणूसभर उंचीचे, आणि ते हुबेहूब फॉल्टच्या कड्यासारखे दिसतात, उपग्रहातनं आणि उभं राहूनही. फरक एवढाच की घसरणीचा तडा कोयत्यासारखा वळतो आणि दोन्ही टोकं उताराकडं येतात. फॉल्टला उताराशी देणंघेणं नसतं, तो डोंगर चढतो, खिंड ओलांडतो, पलीकडं उतरतो. रेष उताराचं ऐकते का, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचार.

ह्यावरनं एक आज्जी आठवतात. काडोलीच्या अलीकडं एका वस्तीत गेलो होतो, १९६७ ला त्या नवी नवरी. माझ्या बरोबरच्या पोरानं जाऊन थेट विचारलं, "आज्जी, भूकंपात जमीन फाटली होती का?" आज्जी म्हणाल्या, "फाटली की." असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं. मी त्याला गप्प केलं, चहा घेतला, आणि विचारलं त्या रात्री काय काय आठवतं. मग आज्जी बोलायला लागल्या. "आधी म्हशी वराडल्या. मग खालनं गुडगुड आली, ट्रकी चालल्यावानी. म्या पोराला उचललं आन भाईर. भित आतल्या अंगाला आली बघा, भाईरच्या न्हाई. हिरीचं पाणी चार दिस गढूळ, भांडी घासायला बी घेतलं न्हाई." भेग कुठं होती विचारल्यावर काठी टेकत स्वतः घेऊन गेल्या, घराच्या मागं, "हितनं त्या आंब्यापतूर. मालकांनी चार पाट्या धोंडं टाकून भरली." कंपास लावला. दिशा जुळत नव्हती, आणि आंब्यापाशी ती रेष खालच्या ओढ्याकडं वळत होती, दुसरं टोकही तसंच. उताराची भेग, हादऱ्यानं सुटलेली. आज्जी शंभर टक्के खरं सांगत होत्या, फक्त ती फॉल्टची नव्हती. पण भिंत कुठल्या बाजूला पडली, विहीर कधी गढूळ झाली, गुडगुड आधी की हादरा आधी, हे सगळं मी लिहून घेतलं, कारण ते आता कुठल्या मशीनमधे मिळणार नाही आणि ती पिढी संपत चालली.

खरोखर संशयास्पद जागा सापडली तरच ट्रेंच. रेषेला आडवा खड्डा, दोन-तीन मीटर खोल, एक भिंत खुरप्यानं आणि ब्रशनं साफ करायची, दोरीनं चौकटी आखायच्या आणि मातीचा प्रत्येक थर कागदावर उतरवायचा. भेग कुठल्या थरापर्यंत येते आणि कुठला थर तिच्यावरनं अखंड जातो, भूकंप त्या दोघांच्या मधला. मग कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बन डेटिंग, वाळू मिळाली तर अंधाऱ्या नळीत ठोकून ओएसएलला, म्हणजे वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं ते काढणाऱ्या चाचणीला, ऊन लागलं की नमुना वाया. किल्लारीला १९९३ नंतर असे खड्डे घेतले गेले, तिथं जेमतेम एखाद किलोमीटरभर जमीन उचलली गेली होती. काळ्या रानात एक फसगत असते, ती माती दर उन्हाळ्यात स्वतःच हातभर फाटते आणि पावसात मिटते, थरांची पुरती घुसळण होते, त्यात भूकंपाची भेग ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. त्यामुळं सांगलीकडं कृष्णाकाठच्या काळवटात ट्रेंच घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, नदीच्या जुन्या वाळू-गाळाच्या पायऱ्या शोध.

ह्या सगळ्याच्या आधी एक काम घरबसल्या कर. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी उघडी असते, त्यातले कोयना-वारणेचे धक्के तुझ्या रेषांवर टाक. आपल्याकडं ॲक्टिव्ह काय आहे हे आजच्या घडीला खरं कुणी सांगत असेल तर हे ठिपके, कारण ते ग्रॅनाइटमधनं थेट येतात. सगळा पसारा साधारण तीस बाय वीस किलोमीटरच्या पट्ट्यात आहे, कोयना धरणापासनं दक्षिणेला वारणेपर्यंत, वारणेचं धरण १९८५ नंतर भरायला लागलं तसा तो दक्षिणेकडं सरकला आणि १९९३ च्या डिसेंबरात तिकडं ५ च्या वरचा झाला. पाणी चढल्यावर आणि नंतर उतरताना धक्के वाढतात हेही तारखा मांडून बघ, स्वतः बघितलेलं विसरत नाही. फक्त एक, ठिपक्याची जागा काही किलोमीटर इकडंतिकडं असू शकते, त्यामुळं ठिपका ज्या रेषेजवळ पडला ती रेष दोषी असं करू नकोस.

राहिली आजी. तिला सांग, फॉल्ट घराखालनं जातो की दोन किलोमीटर लांबनं ह्यानं तिच्या घराला फारसा फरक पडत नाही. ६ च्या भूकंपाचा हादरा सगळ्या खोऱ्याला बसतो, १९६७ चा तर मुंबई-पुण्याला जाणवला होता. जमीन दुभंगून माणसं गेली नाहीत, भिंती आणि छपरं अंगावर येऊन गेली, कोयनेलाही आणि किल्लारीलाही. घर मातीत रचलेल्या गोल दगडांचं असेल, भिंत दोन पाखांची, म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर, आणि मधे नुसता भराव असेल, तर धोका तिथं आहे. दोन्ही पाखं बांधून धरणारे लांब दगड किंवा सिमेंटचे आडवे अडकवे घालता येतात, दाराखिडक्यांच्या वरनं चारी भिंतींना पट्टा मारता येतो, छपरावरची जादा माती-कौलं कमी करता येतात. गावातल्या गवंड्याला हे जमतं, इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या. पलंग जाड भिंतीपासनं आणि माळ्याखालनं हलवायला तर पैसेही लागत नाहीत, ते ह्या रविवारी जाऊन कर.

आणि तुझ्या १४० रेषांपैकी आजीच्या घरामागनं जाणारी जी ६७ नंबरची आहे, जिच्यावर तू लाल गोल केलायस, ती जानेवारीत दोघं बघून येऊ. कंपास, टेप, टोपोशीट माझ्याकडं आहे, तू साधे बूट आणि पाणी आण. तोपर्यंत फोन करून आजीला एवढंच विचारून ठेव की तो बांध कुणी घातला.